प्रल्हादाने काय मागितले?

२५ जुलै २०२५ ला, श्रावण लागला त्याच दिवशी, अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशन चित्रपट आला. चाकणला पाळ्या करणारी आपल्या चिंचवडातली मंडळीही सुट्टी पाहून मुलाबाळांसह जाऊन आली. चांगले झाले.

चित्रे डोळ्यांत भरतात. खांब फुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण पुढचे युद्ध फार लांबले आहे. पोरे बाहेर येतात ती पंजे दाखवीत, गर्जना करीत. प्रल्हाद मागेच राहतो. खांबाशी मृदंग वाढवण्याचा मोह कीर्तनकारालाही असतो, पण आख्यान तिथे संपत नाही.

हिरण्य म्हणजे सोने, कशिपु म्हणजे गादी. अशा बापाच्या मुलाला भागवताच्या सप्तम स्कंधात देव वर माग म्हणतात. तो म्हणतो, सेवेचा मोबदला मागणारा सेवक नव्हे, व्यापारी! आग्रहच झाला तेव्हा मनात इच्छाच उगवू नये एवढे मागतो, आणि मग छळणाऱ्या बापासाठी सद्गती.

ओव्हरटाइमच्या पैशाने आणलेला मोबाइल आठ दिवसांत जुना म्हणणाऱ्या लेकराला हे ऐकवायचे आहे. वेळ पाळीने खाल्ला, म्हणून वस्तूंनी माया दाखवणारी घरे इथे गल्लोगल्ली आहेत. आणि आपल्या वाट्याची सावकारीची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, ते देहू इथून किती लांब?

घरी हा चित्रपट पुन्हा लावाल, तेव्हा संपल्यावर मुलाला विचारा, ‘देव समोर उभा आहे, तू काय मागशील?’ त्याचे उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका, माउली.