'जंगल बुक' : ग्रंथ ते दूरदर्शन मालिका

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारित ५२ भागांची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका दूरदर्शनने १९९० च्या दशकात हिंदीतून दाखविली. मूळ कथेत शेरखान जन्मतः लंगडा असून लांडगीण त्याची हेटाळणी करते. मालिकेत नाना पाटेकर यांच्या आवाजाने त्यास भारदस्त खलनायकत्व लाभले. किपलिंग यांचा भर जंगलाच्या कायद्यावर आहे, तर मालिकेचा कौटुंबिक जिव्हाळ्यावर. परिणामी कळप व गाव या दोहोंनी नाकारलेल्या मोगलीचे एकाकीपण सौम्य होते. कथाभूमी सिवनी नागपूर जिल्ह्याला लागून असूनही मराठी बालप्रेक्षकांना मोगली हिंदीतूनच भेटला. ही उणीव मालिकेची नसून मराठी दृक्श्राव्य बालसाहित्याविषयीच्या अनास्थेची होय.