अनुकूली आणि विदा-आधारित नियंत्रण : गृहीतकांची चिकित्सा

गोषवारा

ज्या गतिकीय प्रणालीचे अचूक गणिती प्रतिमान उपलब्ध नाही, तिचे नियंत्रण कसे करावे, या प्रश्नाला अनुकूली नियंत्रण व विदा-आधारित नियंत्रण अशी दोन प्रमुख उत्तरे गेल्या सहा-सात दशकांत पुढे आली. दोन्ही उत्तरांचा दावा असा की, प्रतिमानातील उणीव मोजमापांतून भरून काढता येते. प्रस्तुत लेखात एक्स-१५ विमानाचा १९६७ मधील अपघात, रोर्झ व सहकाऱ्यांचे प्रतिउदाहरण आणि विलेम्स व सहकाऱ्यांचा २००५ मधील सिद्धांत यांच्या आधारे या दाव्याची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : अनुकूली नियंत्रण, विदा, अनिश्चितता, स्थैर्य, लब्धी, उत्तेजन

१. प्रस्तावना

नियंत्रकाची रचना करताना अभियंता प्रथम प्रणालीचे प्रतिमान तयार करतो आणि त्यावरून नियंत्रकाचे प्रचल ठरवतो. हा क्रम शिस्तीचा असला तरी प्रत्यक्षातील प्रणाली प्रतिमानाप्रमाणे वागतेच असे नाही. विमान उंच गेले की हवा विरळ होते, यंत्राचे भाग झिजतात, कच्च्या मालाचा दर्जा बदलतो. अशा वेळी नियंत्रकाने आपले प्रचल स्वतःच बदलावेत, ही कल्पना १९५०च्या दशकात विमानविद्येच्या गरजेतून पुढे आली आणि तिला अनुकूली नियंत्रण हे नाव मिळाले. अलीकडच्या काळात संगणन व संवेदक स्वस्त झाल्यामुळे त्यापुढचे पाऊल पडले आहे. प्रतिमानाची पायरीच वगळावी आणि नोंदवलेल्या विदेवरून, म्हणजे डेटावरून, थेट नियंत्रक मिळवावा, असा आग्रह आता धरला जातो.

या दोन्ही प्रवाहांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. तथापि ‘प्रतिमानाची गरज उरली नाही’ या विधानाची तपासणी आवश्यक ठरते. प्रतिमान वगळले म्हणून गृहीतके संपत नाहीत. ती दुसऱ्या जागी जाऊन बसतात आणि तेथे ती सहज दिसत नाहीत, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

२. एक्स-१५ : अनुकूलनाची कसोटी

अमेरिकेच्या एक्स-१५ या अग्निबाण-विमानाने १९५९ ते १९६८ या काळात १९९ उड्डाणे केली. त्याच्या तीन विमानांपैकी तिसऱ्यावर हनीवेल कंपनीचा एमएच-९६ हा अनुकूली नियंत्रक बसवलेला होता. या विमानाला जवळजवळ निर्वात उंचीवरून दाट हवेत परतावे लागे आणि त्यामुळे नियंत्रण-पृष्ठांची परिणामकारकता एकाच उड्डाणात कितीतरी पटींनी बदले. एवढ्या विस्तृत पल्ल्यासाठी लब्धी, म्हणजे विचलनाला किती जोराने प्रत्युत्तर द्यायचे ते ठरवणारा गुणक, एकदाच निश्चित करणे कठीण होते.

एमएच-९६ने यावर काढलेला मार्ग कल्पक होता. तो लब्धी शक्य तितकी वाढवत नेई. प्रणालीत सूक्ष्म आंदोलने दिसू लागली की मर्यादा जवळ आली असे मानून ती कमी करी. विमानाचे वायुगतिकीय गुणांक त्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. आजच्या परिभाषेत त्याला ‘प्रतिमानविरहित’ म्हणता येईल.

१५ नोव्हेंबर १९६७ रोजी मायकेल अॅडम्स हे वैमानिक या विमानातून सुमारे ८१ किलोमीटर उंचीवर पोहोचले. चढताना एका प्रयोग-उपकरणामुळे विद्युत्-व्यत्यय निर्माण झाला आणि नियंत्रण प्रणालीची कार्यक्षमता घटली. विमानाची दिशा ढळत गेली, एका दर्शकाचे वाचन चुकीच्या अर्थाने घेतले गेले आणि ध्वनीच्या सुमारे पाचपट वेगात विमान गिरक्या घेऊ लागले. सुमारे ३६ किलोमीटर उंचीवर ते गिरकीतून बाहेर आले. परंतु त्याच वेळी नियंत्रकात मोठे आंदोलन सुरू झाले. खाली येताना हवेचा दाब वाढत होता, म्हणून लब्धी कमी होणे आवश्यक होते. आंदोलनामुळे नेमकी तीच क्रिया खुंटली. विमान हवेतच मोडले आणि अॅडम्स मृत्युमुखी पडले.

या अपघाताचे सर्व उत्तरदायित्व अनुकूली नियंत्रकावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण विद्युत्-दोष आणि मानवी दिशाभ्रम यांचाही त्यात वाटा होता. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. आंदोलनाची खूण वेळेवर मिळेल आणि पृष्ठे हलवणारी यंत्रणा तिच्या वेगमर्यादेत राहील, हे एमएच-९६चे अलिखित गृहीतक होते. ते मोडल्यावर काय करावे, याची तरतूद त्यात नव्हती.

डायडेक, अन्नस्वामी व लाव्रेत्स्की यांनी २०१० मध्ये या उड्डाणाचा पुनर्विचार केला. लिआपुनॉव्ह यांच्या स्थैर्यविचारावर आधारलेला नंतरच्या काळातील अनुकूली नियंत्रक असता तर विमान स्थिर राहिले असते, असे त्यांनी संगणकीय प्रतिरूपणाने दाखवले. सिद्धांताची प्रगती दाखवणारा हा मोलाचा अभ्यास आहे. मात्र काय बिघडले हे माहीत झाल्यानंतर केलेली ही परीक्षा आहे, हेही विसरता येत नाही. खरी अनिश्चितता ही घटनेपूर्वीची असते.

३. रोर्झ यांचे प्रतिउदाहरण

१९७०च्या दशकात अनुकूली नियंत्रणाला दृढ पाया लाभू लागला. ओस्त्रम व विटेनमार्क यांनी १९७३ मध्ये स्व-समायोजी नियामकाचे विवेचन केले. पुढे स्वीडनमधील कागद-कारखान्यात त्याचा उपयोगही झाला. दशकाच्या अखेरीस स्थैर्याच्या सिद्धता उपलब्ध झाल्या आणि प्रश्न मिटला, असा समज पसरला.

या समजाला रोर्झ, व्हलावानी, अथान्स व स्टाइन यांनी १९८२ मध्ये धक्का दिला. त्यांचे उदाहरण साधे होते. प्रणाली प्रथम क्रमाची आहे असे नियंत्रक मानतो. प्रत्यक्षात तिच्यात दोन वेगवान व चांगल्या प्रकारे अवमंदित घटक दडलेले असून ती तृतीय क्रमाची आहे. प्रथम क्रमाच्या प्रतिमानानुसार प्रत्याभरणाची लब्धी कितीही वाढवली तरी प्रणाली स्थिरच राहते. तृतीय क्रमाच्या खऱ्या प्रणालीवर राउथची कसोटी लावली असता लब्धी सुमारे १७ च्या पुढे जाताच स्थैर्य नष्ट होते आणि त्या सीमेवर आंदोलनाची वारंवारता सेकंदाला सुमारे १६.१ रेडियन येते. याच वारंवारतेचा अल्पसा व्यत्यय बाहेरून आला की अनुकूलनाचा नियम लब्धी हळूहळू वाढवत नेतो. बराच काळ सर्व सुरळीत दिसते आणि मग प्रणाली एकाएकी हाताबाहेर जाते.

सिद्धतेत चूक नव्हती. तिचे गृहीतक वास्तवात टिकत नव्हते. यानंतर मृतपट्टा, प्रचलांना मर्यादेत रोखणारा प्रक्षेप, गळतीचे पद असे उपाय पुढे आले आणि त्यांतून दृढ अनुकूली नियंत्रण ही शाखा उभी राहिली. म्हणून हे प्रतिउदाहरण विध्वंसक न ठरता उपकारक ठरले.

ब्रायन अँडरसन यांनी १९८५ मध्ये याच्याशी निगडित एका घटनेचे विश्लेषण केले. उत्तेजन पुरेसे नसेल तर प्रचलांचे अंदाज भरकटतात, मग आंदोलनाचा अचानक उद्रेक होतो. उद्रेकातून नवी माहिती मिळाल्यावर अंदाज सुधारतात आणि पुन्हा भरकटू लागतात. याचे कारण मूलगामी आहे. चांगला नियंत्रक प्रणालीला शांत ठेवतो, पण शांत प्रणाली स्वतःविषयी काही सांगत नाही. संथ पाण्यावर उभ्या असलेल्या नावेवरून सुकाणूची परीक्षा होत नाही, तसेच हे आहे. नियंत्रण आणि शिकणे यांतील हा विरोध फेल्डबाउम यांनी १९६० च्या सुमारास ‘द्वैत नियंत्रण’ या संकल्पनेतून मांडला होता.

४. विदा-आधारित प्रवाह

विलेम्स, रापिसार्दा, मार्कोव्स्की व डी मूर यांनी २००५ मध्ये सिद्ध केले की, नियंत्रणीय रेषीय प्रणालीला पुरेसे उत्तेजन देऊन घेतलेली एकच नोंद त्या प्रणालीच्या ठरावीक लांबीच्या सर्व संभाव्य वर्तनांचे प्रतिनिधित्व करू शकते. या सिद्धांतावर आधारून कूलसन, लायगेरोस व डॉर्फ्लर यांनी २०१९ मध्ये विदेवर चालणारे पूर्वानुमानी नियंत्रण मांडले. डी पर्सिस व तेसी यांनी २०२० मध्ये विदेवरून थेट स्थिरकारी नियंत्रक देणारी सूत्रे दिली.

या पद्धतीची काटकसर थक्क करणारी आहे. एक आदान व तीन अवस्था असलेल्या प्रणालीसाठी, अवस्था मोजता येत असतील आणि मोजमापांत गोंगाट नसेल तर, योग्य रीतीने उत्तेजित अशी सात नमुन्यांची नोंद पुरेशी ठरू शकते. एकच अवस्था असेल तर तीन नमुने पुरतात. परंतु अवस्था थेट मोजता येत नसतील तर क्रमाची मर्यादा आधी गृहीत धरावी लागते. ती कमी धरली गेली की रोर्झ यांनी दाखवलेली चूक नव्या वेषात परत येते. रेषीयता, कालनिरपेक्षता आणि उत्तेजन ही गृहीतकेही कायम राहतात. शिवाय चालू कारखान्यात किंवा उडत्या विमानात पुरेसे उत्तेजन देणे म्हणजे प्रणालीला मुद्दाम हलवणे होय आणि त्याची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागते.

या पार्श्वभूमीवर वान वार्डे, आइझिंग, ट्रेंटेलमन व चामलबेल यांचे २०२० मधील ‘विदेची माहितीपूर्णता’ हे प्रतिपादन अधिक प्रामाणिक वाटते. उपलब्ध विदेशी सुसंगत अशा सर्व प्रणालींचा संच ते विचारात घेतात आणि त्या सर्वांना स्थिर करणारा एकच नियंत्रक शक्य आहे का, असे विचारतात. कधी विदा प्रणाली ओळखण्यास अपुरी असूनही तिला स्थिर करण्यास पुरेशी असते. कधी तीही पुरत नाही. ‘ही विदा अपुरी आहे’ हे उत्तर देण्याची क्षमता हे या विचाराचे खरे बळ आहे.

५. मूल्यमापन

उपरोक्त विवेचनावरून अशा कोणत्याही रचनेचे मूल्यमापन करण्यासाठी तीन निकष सुचवता येतात. पहिला, तिची गृहीतके स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहेत काय? दुसरा, ती विदेवरून तपासता येतात काय? तिसरा, ती मोडल्यास नियंत्रक कोणत्या सुरक्षित वर्तनाकडे परततो? एमएच-९६ तिसऱ्या निकषावर अपुरा पडला. १९८० पूर्वीच्या सिद्धता पहिल्या निकषावर उतरत असल्या तरी दुसऱ्यावर उतरत नाहीत. विदा-आधारित प्रवाहातील ज्या लेखनात गोंगाटविरहित व ज्ञात क्रमाच्या संगणकीय उदाहरणावरच पद्धत पारखली जाते, ते लेखन दुसऱ्या व तिसऱ्या निकषांना स्पर्शच करत नाही.

६. समारोप

अनुकूली व विदा-आधारित नियंत्रण यांनी अनिश्चिततेशी व्यवहार करण्याची नवी साधने दिली, यात शंका नाही. त्यांचा इतिहास मात्र असे सांगतो की, अपयश बहुधा सूत्रांच्या चुकीमुळे आले नाही. सूत्रांमागील न उच्चारलेल्या अटींमुळे आले. म्हणून नियंत्रकाला किती शिकता येते, याच्या जोडीला आपले शिकणे अपुरे आहे हे त्याला केव्हा कळते, हा प्रश्न विचारला जावा. विमान, वीजजाळे किंवा रुग्णाच्या शरीरात औषध सोडणारे उपकरण यांसारख्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर रचनेच्या आरंभीच मिळाले पाहिजे.