टूल गप्प आहे, म्हणजे दोष नाही?

एखादी गोष्ट 'नाही' हे आपल्याला कशावरून कळतं, हा आपल्या दर्शनांतला एक जुना वादाचा प्रश्न आहे. आज तो आम्ही जरा वेगळ्या ठिकाणी नेऊन पाहणार आहोत. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका शोधणारी टूल्स असतात. ती काय सांगतात, आणि आपण त्यांचं म्हणणं कसं वाचतो, याची ही समीक्षा आहे.

आधी चूक म्हणजे काय ते बघू. सी भाषेत मेमरीचा हिशोब लिहिणाऱ्यानेच ठेवायचा असतो. दहा खण मागून घेतले आणि अकराव्यात हात घातला, तर भाषा अडवत नाही. परत केलेला खण पुन्हा उघडला, तरी अडवत नाही. खणात काही ठेवलंच नाही आणि तरी त्यातलं काढून वापरलं, तर आधीचं जे काही राहिलेलं असेल ते हाती येतं. पंचाईत अशी की, असा प्रोग्रॅम बऱ्याचदा व्यवस्थित चाललेला दिसतो.

म्हणून ही टूल्स आली. १९९०च्या दशकात प्युरिफाय आलं. २००२ साली जूलियन सीवर्ड यांचं व्हॅलग्राइंड आलं. त्यातला मेमचेक हा भाग प्रत्येक बाइटसाठी 'इथे हात लावायची परवानगी आहे का' आणि प्रत्येक बिटसाठी 'इथे किंमत ठेवली गेली आहे का' अशी समांतर नोंदवही ठेवतो. प्रोग्रॅम यामुळे वीस-तीस पट हळू चालतो, पण साक्ष बारकाईची मिळते.

मेमचेकची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. न भरलेली किंमत इकडून तिकडे नुसती नकलली, तर तो बोलत नाही. त्या किमतीवर जेव्हा काही ठरू लागतं, म्हणजे 'असं असेल तर या वाटेने जा' असा निर्णय होतो, किंवा ती पत्ता म्हणून वापरली जाते, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते, तेव्हाच तो तक्रार करतो. अज्ञान बाळगणं वेगळं आणि अज्ञानावर विसंबून वागणं वेगळं, हा भेद इथे एका यंत्रात उतरला आहे. चांगल्या साक्षीदाराचा संयम तो हाच.

आता त्याच्या गप्प बसण्याकडे येऊ. शेवटी 'एरर समरी: झिरो एरर्स' अशी ओळ येते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्यांनी एक अट घातली आहे बरं का. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला म्हणतात योग्यानुपलब्धी.

मेमचेकच्या खोलीत अंधारे कोपरे आहेत. स्टॅकवरच्या अॅरेची हद्द ओलांडली, तर ते त्याला सहसा कळत नाही. गूगलचं अॅड्रेससॅनिटायझर तिथे दिवा लावतं, पण न भरलेल्या किमती पाहणं हे त्याचं काम नव्हे. शिवाय दोघांनाही प्रोग्रॅम प्रत्यक्ष ज्या वाटेने चालला तेवढीच वाट दिसते. २०१४ साली उघड झालेली हार्टब्लीड ही चूक आठवा. संदेशात लांबी खोटी सांगितली, की ओपनएसएसएल एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत परकी मेमरी परत पाठवायचं. चाचणीत तसा खोटा संदेश कोणी पाठवलाच नाही, तर टूल काय बोलणार?

इथवर मौनाचं झालं. बोलण्याचं काय? खरा धडा तिथे आहे. २००६ साली डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएलचं काम पाहताना व्हॅलग्राइंडच्या तक्रारी दिसल्या: न भरलेली मेमरी वापरली जाते आहे. तक्रार खरी होती. ती गप्प करण्यासाठी दोन ठिकाणच्या, दिसायला एकसारख्या ओळी बंद करण्यात आल्या. त्यांतली एक गेल्याने फारसं बिघडलं नसतं. दुसरी मात्र अशी होती की, गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी गोळा केलेला सगळा यादृच्छिकपणा तिच्यातूनच आत यायचा. ती गेली आणि मागे उरला प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता! कोणीही त्यांची यादी आधीच करून ठेवावी. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झालं. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूच्या वापरकर्त्यांना किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या. जवळजवळ दोन वर्षं टूल समाधानी होतं आणि कुलूप उघडं होतं.

याचा दोष एका माणसावर टाकणं आम्हाला मान्य नाही. बदलापूर्वी ओपनएसएसएलच्या मंडळींना जाहीरपणे विचारलं गेलं होतं. मूळ कोडमध्ये एका ओळीशेजारी 'प्युरिफाय तक्रार करतं' एवढीच टीप होती. टूल कुरकुरतं हे लिहिलं, पण ओळ कशासाठी आहे ते लिहिलं नाही. टूलला 'इथे कोणी काही ठेवलं नाही' एवढं कळतं. त्या ओळीचं प्रयोजन त्याच्या नोंदवहीत कुठेच नसतं. ते माणसानेच सांगायला हवं.

बरं, दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. व्हॅलग्राइंडमध्ये प्रोग्रॅमला हात न लावता एखादी तक्रार नाव घेऊन बाजूला ठेवता येते. अशी प्रत्येक नोंद म्हणजे 'हे आम्ही पाहिलं आहे, या कारणाने सोडलं आहे' असं लेखी उत्तर झालं पाहिजे. कारण न लिहिता याद्या वाढवत नेल्या, तर तोही अंधारच.

आमचा आक्षेप टूलवर नाही. ती वापरलीच पाहिजेत. सी भाषेतलं काम त्यांच्याशिवाय तपासणं आज बेजबाबदारपणाचं ठरेल. आक्षेप आहे तो तक्रारींचा आकडा शून्यावर आणणं हेच काम मानण्यावर. तक्रार आली, तर आधी विचारा: ही ओळ काय करते? आणि टूल गप्प राहिलं, तर विचारा: चूक असती तर ती याला दिसली असती का? दुसरा प्रश्न मीमांसकांनी केव्हाच विचारून ठेवला आहे. पहिल्याचं उत्तर ओळ लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं, तर पुढच्याला अंदाज करावा लागणार नाही.

आज इथे थांबू. कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.