मासा अडला, पण मोजलं काय?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्यांनी एक पेपर जरूर वाचावा : डॉड आणि सहकाऱ्यांचा, २००३ साली 'जर्नल ऑफ ग्रेट लेक्स रिसर्च'मध्ये आलेला. त्याची मांडणी शिकण्यासारखी आहे आणि त्यातून जे निसटलंय तेही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्समध्ये सी लॅम्प्री हा बाहेरून घुसलेला, जबडा नसलेला मासा इतर माशांना चिकटून त्यांचं रक्त शोषतो. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला आणि मग वरच्या सरोवरांतही पसरला. अंडी घालायला तो नद्या-ओढ्यांत वर चढतो. त्याला उडी मारता येत नाही, त्यामुळे पाणी साधारण ४५ सेंमी सरळ खाली पडेल एवढा बुटका बंधाराही त्याला पुरतो. गोची अशी की सकरसारखे स्थानिक मासेही उडी मारत नाहीत. मग तेही खालीच अडकतात.

स्थानिक माशांना याची किती किंमत मोजावी लागते, हा पेपरचा प्रश्न. संशोधकांनी बंधारा असलेले आणि नसलेले, पण बाकी मिळतेजुळते, अशा ओढ्यांच्या २४ जोड्या घेतल्या. बंधाऱ्यांच्या वरच्या भागात माशांच्या जाती कमी भरल्या. इथे जोड्यांचं महत्त्व लक्षात घ्या. ओढ्यात उगमाकडे जाऊ तशा जाती एरवीही कमी होतात. जोडीदार ओढा नसता, तर तो सगळा दोष बंधाऱ्याच्या माथी गेला असता!

माझे आक्षेप दोन. पहिला, बंधारा बांधण्याआधीची मोजणी तुलनेत नाही. बंधारे काही चिठ्ठ्या टाकून बांधलेले नव्हते. लॅम्प्रीचा उपद्रव होता तिथे ते आले. म्हणजे ओढे मुळातच वेगळे असू शकतात. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. जातींची संख्या मोजली की वरच्या बाजूला कायम राहणारे थोडे सकर सापडले तरी 'सकर आहे' अशी नोंद होते. सरोवरातून दर वसंतात येणारे सकर सगळेच्या सगळे अडले, तरी आकडा हलत नाही.

म्हणून 'फारशा जाती घटल्या नाहीत' याचा अर्थ 'फारसं नुकसान नाही' असा घेऊ नका. बंधारा ठेवायचा की काढायचा, हे अशाच आकड्यांवर ठरतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही स्वतःला विचारा : नुकसान झालंच, तर माझ्या मोजमापात ते दिसेल का?