ऐतिहासिक सैनिकाच्या लघु-अर्धपुतळ्याचे रंगकाम : कंधारच्या वेढ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
युरोपीय प्रबोधनकाळातील सैनिकाचा छातीपर्यंतचा लहान पुतळा ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे रंगविणे, ही आज अनेक देशांत जोपासली जाणारी कला आहे. असा पुतळा बहुधा मानवी आकाराच्या एक दशांश किंवा एक द्वादशांश असतो. महाराष्ट्रात या कलेचे जवळचे नाते दिवाळीतील किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या मातीच्या मावळ्यांशी आहे. लोकव्यवहारात या मूर्तींना 'चित्रे' म्हटले जाते, ही बाब सूचक आहे. मूर्तीची ओळख येथे घडणीइतकीच रंगाने ठरते. म्हणून रंगाला कलात्मक निवडीबरोबरच इतिहासविषयक विधानाचेही मूल्य प्राप्त होते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात केली आहे.

रंगकामाचे स्वरूप :
रंगविलेला अर्धपुतळा ही प्रबोधनकाळाला परकी गोष्ट नव्हती. फ्लॉरेन्समधील बार्जेल्लो संग्रहालयातील निक्कोलो दा उझ्झानो यांचा दोनातेल्लोच्या नावे सांगितला जाणारा अर्धपुतळा भाजलेल्या मातीचा असून रंगविलेला आहे. आजचा रंगकारही प्रथम अस्तराचा हात देतो, नंतर मूळ रंग भरतो, खोलगट भागात पातळ गडद रंग सोडतो आणि उंचवट्यांवर क्रमाने उजळ रंग चढवितो. यामागे ठोस कारण आहे. प्रत्यक्ष माणसाच्या भुवईखाली वा शिरस्त्राणाच्या कडेखाली पडणारी सावली एवढ्या लहान आकारात पुरेशी उमटत नाही. ती रंगानेच निर्माण करावी लागते. भारतीय लघुचित्रकाराला ही दृष्टी अपरिचित नाही. कागदाची घोटाई, रंगांचे एकावर एक थर आणि बारीक टिंबांनी साधलेली 'परदाज' यांतून तोही सपाट पृष्ठावर चेहऱ्याची गोलाई उभी करतो. दोन्हीकडे छटा ही निरीक्षणाची खूण आहे. एकाच सपाट रंगात बुडविलेल्या मूर्तीत नेमका या निरीक्षणाचा अभाव जाणवतो.

पुराव्याचा प्रश्न :
दिवाळीच्या बाजारात साच्यातून निघालेले मावळे बहुधा एकाच रंगाच्या पागोट्यात आणि अंगरख्यात दिसतात. त्यातून गणवेशधारी सैन्याची कल्पना नकळत रुजते. वस्तुतः युरोपातही सैन्याचा एकसारखा गणवेश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच रूढ होऊ लागला. त्यामुळे प्रबोधनकाळातील सैनिक रंगविणारा कलावंत समकालीन चित्रे व जतन झालेली शस्त्रे पाहून प्रत्येक पुतळ्याचे रंग स्वतंत्रपणे ठरवितो. दख्खनच्या सैनिकाबाबत असा आधार उपलब्ध आहे काय, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर होकारार्थी आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे अहमदनगरच्या निजामशाहीतील सचित्र हस्तलिखित आहे. 1565 च्या राक्षसतागडीच्या लढाईची चित्रे त्यात आहेत. दुसरा आधार खुद्द नांदेड जिल्ह्याशी निगडित आहे. निजामशाहीच्या ताब्यातील कंधारचा किल्ला मोगलांनी 1631 मध्ये वेढा घालून घेतला. शाहजहानच्या 'पादशाहनामा' या ग्रंथाच्या विंडसर येथील प्रतीत पयाग या चित्रकाराने हा वेढा चित्रित केला आहे. अफगाणिस्तानातील कंदाहारशी त्याची गल्लत होता कामा नये. 1799 मध्ये ही प्रत अवधच्या नवाबाकडून इंग्लंडच्या राजाला भेटीदाखल गेली. परिणामी मराठवाड्यातील किल्ल्याचे हे मोलाचे चित्र मराठवाड्याच्या नजरेआड राहिले.

मात्र हे चित्र विजेत्याच्या दरबारासाठी काढलेले आहे, हे भान सुटता कामा नये. वेढा घालणाऱ्याचा पोशाख त्यावरून रंगविता येईल. तटामागील निजामशाही सैनिकासाठी दख्खनी चित्रे व प्रत्यक्ष वस्तू यांची जोड घ्यावी लागेल. साखळीचे चिलखत आणि कापूस भरलेला जाड अंगरखा यांचे रंग व पोत सर्वस्वी भिन्न असतात. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे पोलादनिर्मितीचे ख्यातनाम केंद्र होते. अशा पोलादाच्या पात्यावर लाटांसारखा 'जौहर' उमटतो. अशा पात्याला नुसता चंदेरी रंग दिल्यास या परिसराच्या धातुविद्येची खूणच पुसली जाते.

निष्कर्ष :
1. लघुपुतळ्यावरील रंग हे इतिहासाचे अर्थनिर्णयन असते; म्हणून त्याला पुराव्याची कसोटी लागू होते.
2. दिवाळीचा किल्ला प्रामुख्याने सह्याद्रीतील डोंगरी किल्ल्याचे रूप घेतो. कंधार, उदगीर व औसा हे मात्र खंदकाने वेढलेले भुईकोट आहेत. ते रक्षणाऱ्या वा जिंकणाऱ्या सैनिकाला लोककलेत अद्याप चेहरा मिळालेला नाही. त्याच्या कथेत निजामशाही, मोगल आणि या दोहोंच्या चाकरीतील मराठे सरदार या साऱ्यांचा समावेश होतो. एकरंगी मूर्तीत ही गुंतागुंत मावत नाही.
3. मुलांच्या हातच्या खेळण्याकडून संग्रहालयाच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु इतिहास व चित्रकला या विषयांच्या अध्यापनात एकच सैनिक पुरावा पाहून रंगविण्याचा उपक्रम घेता येईल. पागोट्याचा रंग निवडताना 'हे कशावरून?' असा प्रश्न विद्यार्थ्याला पडला, तर इतिहासाच्या अभ्यासपद्धतीशी त्याचा तेथेच परिचय होतो. या कलेचे शैक्षणिक मूल्य त्यातच आहे.