किल्लारीची घरे : पुनर्वसनाच्या कामाचे एक परीक्षण

पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. सरकारी कामाचे परीक्षण मात्र बहुधा दोनच प्रकारे होते. लेखापरीक्षक हिशेब तपासतात, नाहीतर वर्तमानपत्रे आरोप करतात. आपत्तीची पूर्वतयारी आणि आपत्तीनंतरचे पुनर्वसन हे काम करणाऱ्या सरकारी तज्ज्ञाच्या हाती केवळ पैसा नसतो, एक विज्ञानही असते. ते विज्ञान लोकांपर्यंत किती पोचले, ही तिसरी कसोटी कोणी लावत नाही. शिक्षकांना ती लावता येईल. त्यासाठी आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे दगावली. भूकंपाचे मान सहाच्या थोडे वर होते. सहा किंवा त्याहून अधिक मानाचे भूकंप जगात दर वर्षी शंभराहून जास्त होतात, आणि त्यांतले बहुतेक असा संहार करत नाहीत. मग किल्लारीला असे का झाले?

उत्तर घराच्या रचनेत आहे. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड-मातीच्या. बाहेरून त्या एकसंध दिसत, पण प्रत्यक्षात दोन वेगळ्या भिंती शेजारी-शेजारी उभ्या करून मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती भरलेली असे. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच असत. वर मातीचे माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीची भर पडत जाई. आपण हिशेब करून पाहू. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १,६०० किलो धरा. माळवद ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट जाडीचे आणि खोली तीन मीटर बाय चार मीटर असेल, तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर सुमारे साडेआठ टन माती होते. जमीन हलू लागली की वस्तुमान जितके जास्त, तितके जडत्वाचे बल जास्त. न्यूटनचा दुसरा नियम आपण नववी-दहावीत शिकवतो, तो हाच.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, काही घरांत लाकडी खांब आणि तुळया यांवर माळवद तसेच तोलून राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या. म्हणजे जुन्या बांधणीतले सगळेच वाईट नव्हते.

आता तज्ज्ञांच्या कामाकडे वळू. जागतिक बँकेच्या कर्जाचा आधार घेऊन राज्य सरकारने मोठा कार्यक्रम आखला. सर्वाधिक हानी झालेली सुमारे ५० गावे नव्या जागी वसवली. काही गावे होती तिथेच पुन्हा बांधली. कमी नुकसान झालेल्या दोन हजारांहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटी करण्यासाठी घरमालकांना मदत दिली. इतका विस्तार आणि तोही काही वर्षांत, हे यश मान्य केलेच पाहिजे.

स्थलांतरित गावांची आखणी मात्र शहरी वसाहतीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरे. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. त्यामुळे जुने शेजार तुटले, गावाचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले आणि पाणी, दिवे, रस्ते यांच्या देखभालीचा बोजा ग्रामपंचायतीवर आला. घर भूकंपाला टिकेल याचा विचार झाला. त्या घरात बैलजोडी, कडबा आणि अवजारे कुठे राहतील, याचा तितका झाला नाही.

माझ्या मते खरे विज्ञान होते ते दुरुस्तीच्या गावांत. उपाय साधे होते. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीला भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून आरपार सांधा तयार करायचा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू द्यायचे. भिंतीभोवती पट्टा बांधायचा. शेकडो गावांत स्थानिक स्त्रियांना संवाद सहायक नेमून ही माहिती घरोघर नेण्याचा प्रयत्नही झाला. तरीही अनेकांनी त्या पैशातून जुन्या घराशेजारी नवी खोली बांधली आणि जुने घर होते तसेच ठेवले. लोकांच्या मनात एकच समीकरण ठसले होते : दगड म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे सुरक्षितता. ते समीकरण चुकीचे आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. साहित्यापेक्षा जोड महत्त्वाचा, हे लोकांना पटवून देणे हेच तज्ज्ञांचे मुख्य काम होते, आणि तेच अपुरे राहिले. किती घरे बांधली हे मोजले गेले. किती जणांना कारण समजले, हे मोजायला अहवालात रकानाच नव्हता.

या अनुभवातून काहीच शिकले गेले नाही असे नाही. गुजरातमध्ये २००१ नंतर बहुतेक घरे मालकांनी स्वतः, सरकारी मदत आणि तांत्रिक मार्गदर्शन घेऊन, बहुतांशी जुन्या जागीच बांधली. किल्लारीचा भाग पूर्वी भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. पण नकाशा बदलला म्हणून भिंत बदलत नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ मानाचा धक्का बसला, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांतले लोक घराबाहेर धावले. मराठवाड्यात दगड-मातीची, माळवदाची घरे आजही आहेत.

म्हणून वर्गात एक प्रयोग करून पाहावा. ट्रेमध्ये रिकाम्या काड्यापेट्यांच्या दोन समांतर भिंती रचा, मधल्या फटीत बारीक खडे भरा, वर पाटी ठेवा आणि ट्रे हलवा. मग तशीच भिंत पुन्हा रचा, पण दर दोन थरांनंतर दोन्ही भिंतींवरून आडव्या पट्ट्या घाला. फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. नंतर मुलांना गावात पाठवा. जुन्या घरांची भिंत किती जाड, माळवदावर माती किती, भिंतीत आरपार दगड दिसतात का, एवढेच त्यांनी वहीत टिपावे आणि घरी जाऊन सांगावे.

सरकारी अहवालात जो रकाना राहून गेला, तो भरण्याची सुरुवात त्या वहीपासून होऊ शकेल.