दिलेल्या कापडाचं मोल

आजचा विषय जुन्या कपड्यांचा. ते दान करणं, त्यांना टाके घालणं, त्यातून नवं काही शिवणं. विषय ऐकून काहींना वाटेल की आज उपदेश ऐकायचाय. तसं नाही. गोधडी ही एक कृती आहे, तिच्याकडे समीक्षेच्या नजरेनं पाहता येतं, आणि तसं पाहताना कापड देणाऱ्याचाही हिशेब मांडावा लागतो, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे.

सुरुवात बोहारणीपासून करू. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांना ती वेगळी सांगायला नको. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. आपल्या शहरांत हे काम प्रामुख्यानं गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायका करत आल्या. हा समाज आज स्वतःला देवीपूजक म्हणवतो. ती दारात बसायची आणि प्रत्येक कपडा उजेडात धरायची. बगलेत विरलंय का, काठ सुटलाय का, जर खरी आहे का. मग म्हणायची, "वहिनी, ह्या प्यांटीत जीव न्हाई, अजून एक साडी टाका." आणि एका पातेल्यावरून अर्धा तास घासाघीस चालायची. (हशा)

आपण त्या घासाघिशीला हसतो, पण ती नीट बघा. त्या अर्ध्या तासात कापडाची रोखठोक समीक्षा होत असे. काय टिकेल, काय दुरुस्त होईल, कशाच्या फक्त चिंध्या होतील, हे देणारीच्या तोंडावर सांगितलं जायचं. देणारीलाही ते ऐकून घ्यावं लागायचं. पुढे तेच कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून परत बाजारात यायचे. दिल्लीत रघुबीर नगरला आजही पहाटे उजाडायच्या आत जुन्या कपड्यांचा बाजार भरतो, तो याच व्यवहारावर उभा आहे. इथे 'दान' हा शब्द कुणी वापरत नाही. कापडाला किंमत आहे हे दोन्ही बाजूंना मान्य असतं.

आता दानाकडे या. सोसायटीत खोका ठेवलेला असतो. आपण पिशवी टाकतो, लिफ्टनं वर येतो, कपाट मोकळं झालेलं असतं आणि मनही हलकं. त्या पिशवीत नेमकं काय होतं, हे तोंडावर सांगणारं कुणी नाही. त्याचा परिणाम काय होतो हे 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसलं. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ज्यांचं सगळं गेलं होतं त्या मच्छीमार कुटुंबांनीही ते उचलले नाहीत. का उचलावेत? फाटके, मळके, त्यांच्या अंगाला न चालणारे कपडे होते ते. घर वाहून गेलं म्हणून माणसाची आवडनिवड आणि अब्रू वाहून जात नाही.

ते ढीग निवडून कामी आणणाऱ्यांत 'गूंज' ही संस्था होती. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये ती सुरू केली; 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजच्या कामातली आम्हाला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिनं दान या शब्दालाच हात घातला. गावकरी आपल्या गरजेचं काम ठरवतात, विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचा संच घेतात. अगदी विरलेलं सुती कापड स्वच्छ करून त्याचे पाळीसाठी पॅड होतात, चिंध्यांच्या सुजनी शिवल्या जातात. म्हणजे बोहारणीचा रोखठोकपणा इथे वेगळ्या रूपात परत आला. घेणारा इथे उपकाराखाली दबत नाही.

इथपर्यंत व्यवहार झाला. आता कलाकृतीकडे वळू, कारण 'क्रिएटिव्ह रियूज' म्हणताना लोकांच्या मनात प्रदर्शन असतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वंशजांची. तिथल्या मिसूरी पेटवे यांचा नवरा वारला, तेव्हा 1942 मध्ये त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे उसवले आणि गोधडी शिवली. त्याची आठवण जवळ राहावी, त्याच्या कपड्यांची ऊब अंगावर घेता यावी, म्हणून. निळ्या-करड्या विटक्या पट्ट्या, मधेमधे इतर कापडाचे तुकडे. गुडघ्यावर विरलेली जागा, उन्हानं उडालेला रंग, सगळं तसंच.

2002 मध्ये अशा गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांना मातीस आठवला, पॉल क्ले आठवला. कौतुक खरं होतं, पण अपुरं होतं. रंग आणि आकार पाहिले की ती चित्रं वाटतात. पण तिथला निळा रंग रंगपेटीतून निवडलेला नाही. एका माणसाच्या घामानं आणि उन्हानं तो तसा केला आहे, आणि एका बाईनं तो कुठे ठेवायचा हे ठरवलं आहे. कापड कुणी झिजवलं आणि निर्णय कुणी घेतला, या दोन गोष्टी वगळून त्या गोधडीची समीक्षा होऊच शकत नाही. पुढे 2006 मध्ये या गोधड्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये तिथल्या काही बायकांनी हक्क आणि मोबदल्यासाठी कोर्टात दावे लावले. ते पुढच्या वर्षी मिटले. कलावंत म्हणून नाव होणं आणि कामाचे पैसे हातात पडणं, या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही.

आता आपल्या गोधडीकडे, वाकळेकडे या. वरखाली जुनं लुगडं, आत धोतरांचे, साड्यांचे थर, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा धावदोरा. तिला जुनंच सुती कापड का लागतं? धुऊन धुऊन त्याची खळ गेलेली असते, ते मऊ पडतं, घाम शोषतं. झीज हाच इथे गुण आहे. आज मात्र हस्तकलेच्या दुकानांतून 'गोधडी' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं नवं कापड गोधडीसारखं कापून शिवलेलं असतं. दिसायला सुरेख. आमचा आक्षेप सुंदरतेला नाही. जुनेपणाचा नुसता देखावा घेतला, झीज घेतली नाही आणि शिवणारीचं नावही घेतलं नाही, तर ती फक्त नक्षी उरते.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही गरिबीचं कौतुक करताय. आजीनं गोधडी शिवली ती थंडी होती आणि पैसे नव्हते म्हणून. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. रात्री चिमणीच्या उजेडात डोळे फोडून घातलेल्या टाक्यांना नुसतं 'माया' म्हणून मोकळं होणं हा अन्यायच आहे. ते श्रम होते. म्हणूनच आज कुणी ते काम करत असेल, तर त्याला मजुरी हवी. आपण कापड फुकट दिलं म्हणून शिवणंही फुकट होत नाही. एका गोधडीत कापडाचा वाटा पाहा आणि टाक्यांचा पाहा, जड पारडं कुठलं ते लगेच कळेल.

मग आपण काय करायचं? देण्याआधी कपडा बोहारणीसारखा उजेडात धरा. धुवा. तुटलेलं बटण लावा, उसवलेली शिवण घाला. सुती वेगळं, पॉलिएस्टर वेगळं ठेवा, कारण पाळीच्या पॅडला घाम न शोषणारं कापड चालत नाही. जो खरोखर संपलाय त्याला 'दान' म्हणू नका. घरात पुसणं करा. आणि शक्य असेल तर पिशवीबरोबर शिलाईचे पैसे द्या.

आणि पुढच्या वेळी प्रदर्शनात एखादी गोधडी आवडली, तर किमतीच्या चिठ्ठीवर शिवणारीचं नाव शोधा. नसेल तर तिथल्या माणसाला विचारा, हे कुणी शिवलं आणि तिला किती मिळाले? उत्तर आलं नाही, तरी प्रश्न मोठ्यानं विचारा, शेजारच्यांना ऐकू जाईल इतका. समीक्षेची सुरुवात तिथूनही होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.